दुपट्ट्यात बांधलेले डबे

शिरपूरच्या बसस्टँडावरून जैन मंदिराकडं जाताना आता मोबाइलचे कव्हर विकणारं एक दुकान आहे. तिथं आधी मिस्त्रीचं दुकान होतं. घराघरावर डिशच्या छत्र्या बसवणारा आन् टीव्हीचे डबे लावून देणारा मिस्त्री. नाव त्याले होतंच, पण कोणी घेत नव्हतं, मीबी घेत नाही. तो आता अकोल्याले पोरीकडं राह्यते. मेला नाही, एवढं आधीच सांगतो. म्हातारा माणूस दुसऱ्या म्हाताऱ्यावर लिहाले बसला की वाचणारा धरूनच चालते की तो मेला असन.

मेली ती माझी बायको. ते पुढं येईन.

सेटटॉप बॉक्सले आमच्या इकडं नुसतं डबा म्हणतात. मिस्त्रीच्या दुकानात दोन जातीचे डबे होते. एक स्वस्त. त्याचा रिमोट छोटा, बटनं कमी, चित्र जसं येईन तसं. दुसरा महाग. त्यात चित्र लख्ख, कार्यक्रम भरून ठेवता येते, रिमोट हातभर आन् त्यावर मुंग्या बसल्यासारखी बटनं. आमच्या शेजाऱ्यानं महागाचा आणला होता आन् येता-जाता सांगत होता की क्रिकेटवाल्याच्या कपाळावरचा घाम दिसते. मले घाम पाह्यचा नव्हता. पण शेजाऱ्याच्या घरी दिसते आन् माह्या घरी दिसत नाही, हे मले जमत नव्हतं.

मी आमच्या गावावरून बसनं शिरपूरले त्याच्या दुकानात गेलो आन् म्हटलं, "महागाचा दाखव."

"टीव्ही कोण पाह्यते?" तो म्हणे.

"आमी."

"आमी म्हणजे कोण कोण?"

"मी आन् बायको. पोरगी सासरी, पोरगा पुण्याले आहे कंपनीत."

"मंग महागाचा कायले?"

"पैसा मी देऊन राह्यलो का तू?"

"पैशाचा सवाल नाही, भाऊ. भाभीले इचारलं का?"

"तिले काय समजते त्यातलं?"

त्यानं काउंटरवरचा डबा उचलला, मागच्या फळीवर ठेवला आन् फडक्यानं काउंटर पुसून टाकलं, जसं काही मी तिथं सांडलो होतो. "उद्या घरी येतो. भाभीलेच इचारतो."

मी बाहेर येऊन शिव्या देल्ल्या. पानठेल्यावरचा म्हणे, त्याच्याकडं असंच आहे, घर पाह्यल्याशिवाय तो डबा देत नाही. पोरगी द्याची असल्यासारखं करते.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. जुनी लुना, मागं वायरचं वेटोळं. आला तसा चहाले नाही म्हणला नाही, पण खुर्चीतबी बसला नाही. "कोण कुठं बसते ते दाखवा." मी माझी बाज दाखवली. तो बाजेवर बसला, टीव्हीकडं पाह्यलं, उठला. मंग म्हणे, "भाभी कुठं बसते?" बायको सयपाकघराच्या दारात खाली बसत होती. डाळ निवडता निवडता, भाकरी थापता थापता, अर्धी आत अर्धी बाहेर. हा गडी तिच्या जागेवर मांडी घालून बसला. तिथून टीव्हीवर नुसता दरवाज्याचा उजेड दिसे. इतक्या वर्षांत मी त्या जागेवर बसून कधी पाह्यलं नव्हतं.

"भाऊ," तो मले म्हणे, "डब्याचं मंग पाहू. पह्यले टीव्हीचं तोंड फिरवा."

आमी दोघांनी टेबल सरकवलं. बायको पदर तोंडाले लावून हासत होती.

त्याचा हिशेब असा होता, आन् तो सगळ्याले तोंडावर सांगे: महागाचा डबा भांडखोर घराले. जिथं पाच माणसं आन् पाच तोंडं, सासूले कीर्तन, सुनेले मालिका, पोट्ट्याले क्रिकेट, तिथं भरून ठेवणारा डबा पाह्यजे, नाही त एखाद दिवशी रिमोटनं डोकं फुटते. पण जिथं दोघंच, तिथं स्वस्ताचा.

"आमीबी भांडतो न, भाऊ," बायको म्हणे.

"दोघायचं भांडण भांडण नसते, भाभी. ते गप्पा होय. महागाच्या डब्यात तुमी तुमचं भरून ठेवसान, हे यायचं भरून ठेवतीन. मंग एक जण पाह्यते आन् दुसरा झोपते. काहीतरी भांडाले राहू द्या."

असा तो गिऱ्हाइकाले स्वस्तात ढकलणारा दुकानदार. त्याचा धंदा कसा चालला हे मले अजून समजलं नाही.

रिमोटले प्लास्टिक घालणाऱ्या माणसाचा त्याले भयंकर राग. आमच्याकडं सारेच घालतात. तो दिसलं की फाडे. "नवी नवरी पोत्यात ठेवता का?" एकदा एका सरपंचाच्या घरी फाडलं त सरपंचीणबाईनं त्याले उंबऱ्याबाहेर काढलं. तो बाहेर उभा राहून म्हणे, "मी जातो, पण बटनाले श्वास घेऊ द्या."

आन् छत्री बसवाची त्याची तऱ्हा. सिग्नल मोजाचं यंत्र त्याच्या खिशात राहे, पण तो ते काढत नसे. छपराच्या टिनावर चढे, छत्री जराशी फिरवे आन् खाली ओरडे, "आलं का?" टीव्हीपाशी घरातली बाई उभी पाह्यजे, बाईच. ती ओरडे, "नाही आलं!" "आता?" "मुंग्या आल्या!" "आता?" "गेलं सारं!" आमच्या घरी हे इतका वेळ चाललं की रस्त्यावर माणसं जमले. मी म्हटलं, "अबे, मशीन काढ न खिशातलं." तो वरून म्हणे, "मशीन बोलत नाही, भाऊ." बायको त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडली. संध्याकाळी मले म्हणे, इतकं मोठ्यानं बोलाले बरं वाटलं.

त्या स्वस्त रिमोटवर एक बटन होतं. आपल्याले आवडणारे चॅनल त्यात साठवून ठेवता येतात. मंग नंबर दाबाची गरज नाही, तेच बटन दाबत राह्यचं, एकामागून एक आपलेच चॅनल येतात. बायकोले अक्षर येत नव्हतं. मिस्त्रीनं तिले तीन चॅनल टाकून देल्ले, एक भजनाचं, एक मालिकेचं, एक जुन्या गाण्याचं. आन् टाकाचं कसं तेबी शिकवलं. तिले येईपर्यंत उठला नाही. मी म्हटलं, तिले कायले शिकवतं, तूच टाकून दे. तो म्हणे, "मी मेलो त?"

चौथं चॅनल तिनं आपल्या हातानं टाकलं. दक्षिणेकडचं कोणतंतरी. भाषा ना तिले समजे ना मले. जाड्या जाड्या गजऱ्याच्या बाया डोळे मोठे करून बोलत. मी म्हटलं, "आवं, हे काहून पाह्यतं? काय समजते तुले?"

"समजत नाही म्हणूनच पाह्यतो," ती म्हणे. "आपल्या मालिकेत बाई रडली की मले रडू येते. हे रडले त मी नुसतं पाह्यतो. जिवाले आराम पडते."

त्या चॅनलचा नंबर कोणता, हे मिस्त्रीलेबी माहीत नव्हतं आन् मलेबी नाही. तसले चॅनल ढिगानं आहेत. तिचं कोणतं ते फक्त त्या डब्याले माहीत होतं.

आता सुतकाचं सांगतो, कारण खरा मिस्त्री तिथंच दिसते.

आमच्या इकडं घरात मयत झाली की तेरवीपर्यंत टीव्ही लागत नाही. पण घरात पोट्टे असतात, पाव्हणे असतात. कोणीतरी बातम्यांसाठी म्हणून बटन दाबते, आन् मंग ते जन्मभर निघते: बापाची राख थंडी नव्हती आन् यानं टीव्ही लावला. मिस्त्रीनं यावर आपला रिवाज काढला होता. त्याच्या गिऱ्हाइकाच्या घरी कोणी गेलं की तिसऱ्या दिवशी तो येई, कोणाशी न बोलता डबा आन् रिमोट काढे, घरातलं एक फडकं मागून घेई आन् त्यात बांधून नेई. दुकानात अशा गाठोड्यांची वेगळी फळी होती. तेरवी झाली की तो स्वतः आणून लावे आन् पह्यलं बटन स्वतः दाबे. कारण पह्यलं बटन दाबाले घरातल्या कोणाचीच हिंमत नसते. "परका माणूस बरा, त्याले बोल लागत नाही," असं म्हणे. मंग थोडा वेळ त्यायच्या सोबत बसून पाहे आन् जाई. चिठ्ठी लावत नसे. कोणत्या घरचं गाठोडं ते फडक्यावरून हाताले समजे, कोणाचं लुगड्याचं, कोणाचं झबल्याचं, कोणाची उशीची खोळ.

मी एकदा इचारलं होतं, हे खूळ तुह्या डोक्यात आलं कुठून. तो म्हणे, "आमच्या घरी आई गेली तवा कोणी डबा नेला नव्हता. आमी भाऊ भाऊ तवापासून बोलत नाही." आन् लगेच लुनाले किक मारली.

बायको थंडीत गेली. छातीत कफ झाला, वाशिमले दवाखान्यात नेली, आणली ती तशीच. लिहाले बसलो त वाटलं होतं यावर पुष्कळ लिहिता येईन. येत नाही.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. वायरी काढल्या. फडकं मागितलं. माझ्या पोरीनं हाताले आला तो दुपट्टा देल्ला. दुःखाच्या घरी पाव्हणे टोपी-दुपट्टा घेऊन येतात, त्यातला, पांढरा, लाल काठाचा. त्यानं डबा बांधला. जाताना सयपाकघराच्या दाराकडं पाह्यलं आन् तिथल्या रिकाम्या जागेले वळसा घालून गेला, जसं काही ती अजून डाळ निवडून राह्यली.

तेरवी झाली. पोरगी सासरी गेली, पोरगा पुण्याले गेला. जाताना म्हणे, बाबा, माह्याकडं चला. मी म्हटलं, पाहू. घर एवढं चूप झालं की मले फ्रिजचा राग येऊ लागला, तो मधून मधून बोले म्हणून. मी मिस्त्रीची वाट पाह्यत होतो. दुसरं काही नको होतं. ते बटन दाबाचं होतं आन् तिचे चार चॅनल एकामागून एक येताना पाह्यचे होते. तिच्या हातचं एवढंच काम घरात उरलं होतं, बाकीचं खाऊन-धुऊन संपलं होतं.

तो आला. गाठ सोडली, हात मागं घालून तिन्ही वायरी खोचल्या, डब्यावरचं बटन दाबलं. टीव्हीवर पोट्ट्यायचं कार्टून. एक बदक दुसऱ्या बदकाले हाणत होतं. मी म्हटलं, असन, पाव्हण्याच्या पोट्ट्यायनं लावलं असन. दुपट्ट्यातला रिमोट घेतला आन् अंगठा बटनाच्या जागी नेला. तिथं ते बटन नव्हतं. रिमोट हातभर लांब होता.

"हा आमचा डबा नोहे," मी म्हटलं.

"तुमचाच होय. दुपट्टा तुमचा."

"दुपट्टा आमचा असन. डबा महागाचा आहे. दिसत नाही का तुले?"

 डबा उचलून त्यानं तोंडाजवळ नेला, एकदम नाकाजवळ, जसं आंबा हुंगते. तवा मले समजलं. त्याले खरंच दिसत नव्हतं. मोतीबिंदू पिकला होता आन् तो टिनावर चढून राह्यला होता.

"तुमचा केनवड गावाले गेला," तो हळूच म्हणला. "त्याच हप्त्यात एक बुढा गेला. त्यायनंबी असाच दुपट्टा देल्ला. लाल काठाचा." सारे दुपट्टे एकाच बाजारातून येतात. दोन्ही डब्यायची कंपनी एकच, म्हणून छत्रीनंबी तक्रार केली नाही.

शेजारी आला. त्यानं चित्र पाह्यलं आन् म्हणे, "काका, लॉटरी लागली! चूप बसा. ते केनवडचे आले त पाह्यता येईन." पोराले फोन केला त तोबी तेच म्हणे, चांगला डबा आला, राहू द्या, अदलाबदल आपण केली का? मी दोघालेबी जे म्हणालो ते इथं लिहित नाही.

मले एकच भेव होतं. केनवडवाल्यायनं डब्याचं काही खालवर केलं असन, जुनं पुसून टाकलं असन, त माह्या बायकोचं चौथं चॅनल गेलं. मंग ते कुठंच नाही.

दुसऱ्या दिवशी आमी दोघं बसनं केनवडले निघालो. महागाचा डबा माह्या मांडीवर. मिस्त्री खिडकीकडं तोंड करून बसला. वाटेत एकदाच बोलला, "डोळ्यायचं कोणाले सांगू नका, भाऊ. लोक टिनावर चढू देणार नाहीत." मी म्हटलं, "तू चढूच नको न मंग." तो म्हणे, "खाली राहून काय करू?" 

केनवडचं घर भरलेलं. दोन सुना, पोट्टे, बकऱ्या. महागाचा डबा दिसला तशी धाकटी सून धावली. "आला का वं बाई! माह्या साऱ्या मालिका भरून आहेत त्यात!" मोठी म्हणे, "तुह्याच नाही, माह्याबी." तिथंच लागली दोघींची. मिस्त्री मले हळूच म्हणे, "पाह्यलं? महागाचं घर."

पण टीव्हीपुढं एक म्हातारी बसली होती, गेलेल्या बुढ्याची बायको. माह्याच वयाची. तिच्या हातात आमचा छोटा रिमोट होता. तिनं तो सोडला नाही.

"हा नाही देत मी," ती म्हणे.

"आवो आत्या, आपला नोहे तो," मोठी सून म्हणे.

"मालूम आहे नोहे म्हणून. त्या मोठ्या रिमोटचं मले काही समजत नव्हतं. हे होते तवा हे लावून देत. हे गेले. या सुनायले म्हटलं, लावून द्या, त म्हणते, थांबा, आमचं होऊ द्या. आन् या रिमोटचं एकच बटन दाबा लागते. आपोआप चार येते. मी आपली आपण पाह्यतो."

चार येते, म्हणाली. मी तिच्यासमोर खाली बसलो.

"ते माह्या बायकोचे आहेत," मी म्हटलं. "चारी."

तिनं माह्याकडं नीट पाह्यलं. कपाळ, टोपी, सारं. मंग म्हणे, "ते चौथं तिनंच टाकलं का? गजऱ्यावाल्या बायांचं?"

"तिनंच."

"त्यातलं काही समजत नाही."

"समजत नाही म्हणूनच पाह्ये ती."

"हो," म्हातारी म्हणे. "सारा दिवस लोक येऊन समजावून राह्यले मले. तिथं कोणी काही समजावत नाही." मंग म्हणे, "बाई चांगली असन तुमची."

तेरवीले पन्नास माणसं माह्याशी बोलले. बायको कशी गेली हे साऱ्यायनं इचारलं. ती कशी होती, हे या अनोळखी बाईनं चार चॅनलवरून ओळखलं. मी म्हटलं, "चांगली होती. पण डबा मी देणार नाही, बाई."

"नका देऊ. मीबी नसता देल्ला."

मिस्त्री म्हणे, "दुकानात स्वस्ताचा एक आहे, मावशी. उद्या तुमाले आणून लावतो. हेच चार टाकून देतो." मंग माह्याकडं वळून, "भाऊ, चौथ्याचा नंबर वाचा." म्हातारीनं बटन दाबत चौथं आणलं आन् तिथं बसून मी टीव्हीवर आलेला नंबर वाचला. मोठ्यानं. म्हातारी आन् सुना ऐकत होत्या. मिस्त्रीनं तो पुटपुटून पाठ केला आन् म्हणे, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचला.

मंग त्यानं डबा काढला, दुपट्ट्यात बांधला. निघताना म्हातारी दारापर्यंत आली, पण 'या' म्हणाली नाही. सुतकाच्या घरातून निघणाऱ्याले म्हणत नाहीत.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. मी मिस्त्रीले इचारलं, "भांडखोर घराले महागाचा, दोघाले स्वस्ताचा. आन् एकट्या माणसाले कोणता देतं तू?"

तो खिडकीबाहेरच पाह्यत राह्यला. मले वाटलं ऐकू गेलं नाही, आता कानबी गेले का याचे.

"एकट्याले नाही विकला मी कधी," तो म्हणे. "एकटा माणूस रिमोट हातात घेऊन बसते आन् बटन दाबत नाही. मी पाह्यलं आहे."

"कोणाच्या घरी?"

 शिरपूर आलं. त्याचं दुकान तिथंच, स्टँडाजवळ. मले पुढं माह्या गावची बस धराची होती. तो उतरला, गाठोडं माह्या हाती देल्लं आन् म्हणे, "लावून घ्या. तीनच वायरी आहेत. लाल, पिवळी, पांढरी. जिथं रंग तिथं खोचाची."

उन्हं कलली होती. स्टँडावर कंडक्टर माह्या गावाचं नाव ओरडत होता.

"मले येत नाही," मी म्हटलं.

त्याले तेवढं जवळचं दिसत असन. तो माह्या तोंडाकडं पाह्यत राह्यला. मी जन्मभर मोटारीच्या पंपाच्या वायरी जोडल्या, विहिरीत उतरून जोडल्या, त्याले ते मालूम होतं.

"खरंच येत नाही?" तो म्हणे.

"नाही येत."

"मंग त या लागंन," मिस्त्री म्हणला, आन् माह्या आधी बसमध्ये चढला.